पेसमेकर: बराच वेळ गप्प बसणारं यंत्र

पेसमेकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. छातीत बसवलेली डबी हृदयाला दर सेकंदाला ढकलते आहे, आणि डबी थांबली की सगळं थांबलं. बाकीच्या धास्त्या मग या चित्रातूनच जन्म घेतात. मोबाइल खिशात ठेवला तर? मायक्रोवेव्हजवळ उभं राहिलं तर? झोपेत बॅटरी संपली तर?

प्रत्यक्षात अनेक रुग्णांमध्ये हे यंत्र दिवसातला बराच काळ काहीच करत नसतं. ते हृदयाचा प्रत्येक ठोका ऐकतं आणि ठोका वेळेवर पडला की गप्प राहतं. वेळ टळली तरच एक बारीकसा विद्युत संदेश सोडतं आणि पुन्हा ऐकत बसतं. पेसमेकरबद्दलच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या ऐकण्यात सापडतात. मोबाइलचा धोका खरा किती, बॅटरी दहा वर्षं कशी पुरते, चुंबक जवळ आणल्यावर नेमकं काय होतं, हे सगळं त्यातून उलगडतं.

हृदयाची स्वतःची वायरिंग

हृदयाला ठोका देण्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, डोक्याकडून आणि हातांकडून रक्त आणणारी मोठी शीर जिथे उघडते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला सायनस नोड किंवा एसए नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. या पेशींच्या आवरणातून विद्युतभार असलेले कण सतत आत झिरपत असतात. भार ठराविक पातळीला पोचला की पेशी आपोआप संदेश सोडते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त हा वेग वाढवतात किंवा कमी करतात. मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख.

हा संदेश आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो आणि ते आकुंचन पावतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधली भिंत मात्र विजेला अडवते. खाली उतरायला एरवी एकच वाट असते, ती म्हणजे एव्ही नोड. जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी ती १९०६ मध्ये दाखवली. इथे संदेश सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळतो. हा उशीर गरजेचा आहे, कारण तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यातलं उरलंसुरलं रक्त खाली उतरतं आणि खालचा कप्पा भरल्यावरच पिळला जातो. पुढे हिस बंडल ही तंतूंची जुडी, तिच्या उजव्या-डाव्या शाखा आणि पुरकिंजे तंतू यांतून संदेश झपाट्याने पसरतो आणि खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात.

या व्यवस्थेला राखीव फळीही आहे. एसए नोड गप्प झाला तर एव्ही नोडच्या आसपासच्या पेशी मिनिटाला ४० ते ६० या वेगाने काम हाती घेतात. तिथूनही संदेश आला नाही तर खालच्या कप्प्यांतल्या पेशी २० ते ४० च्या गतीने कसाबसा गाडा ओढतात. हृदयातली वाट पूर्ण बंद झालेला माणूससुद्धा कधीकधी स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे येतो, तो या फळीच्या जोरावर. पण तिचा भरवसा धरता येत नाही. ती मध्येच काही सेकंद थांबते, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

बिघाड ढोबळमानाने दोन ठिकाणी होतो. कधी एसए नोडच थकतो, मध्येच थबकतो, चालताना वाढायला हवा तेवढा वेग वाढवत नाही. याला सिक सायनस सिंड्रोम म्हणतात. कधी संदेश तयार होतो पण वाटेत अडतो, तो हार्ट ब्लॉक. इथे एक घोळ फार होतो. 'ब्लॉक' हा शब्द ऐकून लोक रक्तवाहिनीतल्या अडथळ्याची कल्पना करतात आणि अँजिओप्लास्टीने भागणार नाही का, असं विचारतात. तो नळातला अडथळा आणि हा तारेतला. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, पण उपचार वेगळे.

मंद हृदय दिसलं की पेसमेकर बसवायचा, असंही नाही. नियमित लांब पल्ला धावणाऱ्यांचे ठोके विश्रांतीत पन्नासच्याही खाली असू शकतात, आणि गाढ झोपेत कुणाचेही ठोके उतरतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची काही औषधं, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके मंदावतात. थायरॉइड कमी असणं किंवा रक्तातलं पोटॅशियम फार वाढणं हीदेखील कारणं असतात, आणि ती दूर केली की हृदय पूर्ववत होऊ शकतं. म्हणून सल्ला मिळाल्यावर "माझी औषधं आणि रक्त तपासून झालंय ना?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. चक्कर आली तेव्हाच ठोके मंद होते, हे ईसीजीवर किंवा होल्टरवर, म्हणजे दिवसभर अंगावर लावलेल्या ईसीजी यंत्रावर, पकडलं गेलं तर निर्णय सोपा होतो. पूर्ण ब्लॉक असेल आणि त्यामागे दूर करता येण्यासारखं कारण नसेल, तर मात्र फार वाट पाहण्यात शहाणपण नसतं.

डबीत काय असतं

टायटॅनियमची चपटी डबी, वजन वीस-तीस ग्रॅम. आत एक लिथियमची बॅटरी आणि एक इलेक्ट्रॉनिक सर्किट. डबीतून एक, दोन किंवा क्वचित तीन लवचीक तारा निघतात, त्यांना लीड म्हणतात. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या वेष्टनातल्या या तारा शिरेतून हृदयाच्या आत उतरतात. टोकाला बारीक स्क्रू असतो, तो हृदयाच्या आतल्या भिंतीत फिरवून बसवतात. काही लीडना स्क्रूऐवजी छोटे आकडे असतात. टोकातून स्टेरॉइड अगदी थोडं थोडं पाझरतं, कारण तार टोचलेल्या जागी सूज येते आणि सुजलेल्या जागेला जास्त जोराचा संदेश द्यावा लागतो.

तीच तार ऐकते आणि तीच बोलते. हृदयाच्या आत एका ठोक्याचा विद्युत आवाज काही मिलिव्होल्टचा असतो. वरच्या कप्प्यात तो लहान असतो, खालच्या कप्प्यात मोठा. यंत्रात एक घड्याळ चालू असतं. समजा, किमान वेग मिनिटाला ६० ठरवला आहे. मग प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र एक सेकंद मोजतं. त्या सेकंदात हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू आला तर मोजणी शून्यावर जाते आणि बाहेर काहीच जात नाही. सेकंद संपला तर संदेश सुटतो.

तो संदेश किती छोटा असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच व्होल्ट, सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरते, आणि मार्गातला रोध ५०० ओहम धरला, तर ऊर्जा निघते सुमारे ५ मायक्रोज्यूल. एक ग्रॅम वजन अर्धा मिलिमीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच. सिनेमात छातीवर पॅडल ठेवून जो शॉक देतात तो दोनशे ज्यूलच्या आसपास असतो, म्हणजे याच्या कोट्यवधी पट. त्यामुळे पेसमेकरचा 'शॉक' बसत नाही आणि बहुतेकांना तो काम करतोय हे कळतही नाही. हृदय ढकलायची ताकद त्या ठिणगीत नसतेच. ती फक्त काही पेशी जाग्या करते. त्या शेजारच्या पेशींना उठवतात आणि पिळण्याचं सगळं काम स्नायू स्वतः करतो.

बॅटरीचा हिशेबही असाच बसतो. तिची क्षमता साधारण एक अँपिअर-तास असते आणि यंत्र सरासरी दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज खातं. भागाकार केला की एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षं होतात. प्रत्यक्षात आठ ते बारा वर्षं सांगतात. कुणाचं हृदय सतत आधार घेतं आणि कुणाचं क्वचित, आणि संदेशाचा जोर किती ठेवावा लागतो, यावर फरक पडतो. व्होल्टेज दुप्पट केलं तर प्रत्येक संदेशाची ऊर्जा चौपट होते, म्हणून डॉक्टर तो जोर काळजीपूर्वक जितका कमी ठेवता येईल तितका ठेवतात.

हे सगळं इतकं नेटकं पहिल्यापासून नव्हतं. सुरुवातीचे पेसमेकर शरीराबाहेर असत आणि भिंतीतल्या सॉकेटमधून चालत. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये वीज गेली, तेव्हा अशा यंत्रांवर असलेल्या बालरुग्णांचा जीव धोक्यात आला. तिथले शल्यविशारद सी. वॉल्टन लिलेहाय यांनी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बक्कन यांना बॅटरीवर चालणारं काहीतरी बनवायला सांगितलं. बक्कन यांनी मासिकात छापून आलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे संगीताचा ताल धरणाऱ्या यंत्राचं सर्किट घेतलं आणि काही आठवड्यांत अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर तयार केला. अमेरिकन अभियंते विल्सन ग्रेटबॅच यांची गोष्ट तर याहून गमतीची. ते हृदयाचे आवाज नोंदवायचं यंत्र बनवत होते आणि चुकून भलताच रेझिस्टर जोडला गेला. सर्किट एक टोला द्यायचं, सेकंदभर थांबायचं, पुन्हा टोला द्यायचं. तो हृदयाचा ताल आहे हे त्यांनी ओळखलं, म्हणून आपण आज ती चूक आठवतो.

शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर मिळाला स्वीडनच्या अर्ने लार्सन यांना, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी. त्यांना दिवसातून अनेकदा बेशुद्धीचे झटके यायचे. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी अभियंते रूने एल्मक्विस्ट आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांचा पिच्छा पुरवून यंत्र बनवून घेतलं. ते बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलं होतं, आणि काही तासांतच बंद पडलं. तरी लार्सन जगले. पुढच्या आयुष्यात त्यांनी वीसहून जास्त पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने गेले. तोवर एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही वारले होते. त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या. १९७० च्या दशकात काही रुग्णांच्या छातीत प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकरसुद्धा बसवले गेले. ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीने हा प्रश्न मिटवला.

एक तार, दोन तारा आणि ती अक्षरं

रुग्णाला मिळालेल्या पेसमेकरच्या कार्डावर व्हीव्हीआय, डीडीडी, डीडीडीआर असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर सांगतं की यंत्र कोणत्या कप्प्याला संदेश देतं, दुसरं सांगतं की कोणत्या कप्प्याचं ऐकतं, आणि तिसरं सांगतं की ऐकल्यावर काय करतं. व्ही म्हणजे खालचा कप्पा, ए म्हणजे वरचा, डी म्हणजे दोन्ही. तिसऱ्या जागचं आय म्हणजे ठोका ऐकला की गप्प बसणं.

एका तारेचा व्हीव्हीआय पेसमेकर फक्त खालच्या कप्प्याकडे पाहतो. माणूस कोसळत नाही, हे खरं. पण वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालात चालू राहिले तर काहींना दम लागतो, मानेत धडधड जाणवते, गळून गेल्यासारखं वाटतं. दोन तारांचा डीडीडी आधी वरच्या कप्प्याचा ठोका ऐकतो, एव्ही नोड थांबला असता तेवढा वेळ थांबतो आणि मग खाली संदेश देतो. मात्र ज्यांच्या वरच्या कप्प्यात कायमचं एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे तिथे ताल असा उरलेलाच नाही, त्यांना दुसऱ्या तारेचा उपयोग नसतो. दोन तारा म्हणजे नेहमीच चांगला, हा समज म्हणून सोडून द्यावा.

शेवटचं आर म्हणजे हालचालीप्रमाणे वेग बदलण्याची सोय. डबीत अंगाची हालचाल टिपणारा छोटा सेन्सर असतो. जिना चढू लागलात की यंत्र वेग वाढवतं. पण त्याला फक्त हिसके कळतात, मेहनत कळत नाही. जागच्या जागी सायकल मारताना पाय दमतात, छाती मात्र स्थिर असते, त्यामुळे वेग पुरेसा वाढत नाही. उलट खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसतं बसलं तरी तो वाढू शकतो. काही यंत्रं यावर उपाय म्हणून श्वासाची गतीही मोजतात. ठराविक व्यायामातच दम लागत असेल तर डॉक्टरांना तसं नेमकं सांगा, सेन्सरची सेटिंग बदलता येते. "थकवा येतो" एवढंच सांगितलं तर त्यातून कुणालाच काही हाती लागत नाही.

बसवताना आणि पहिले काही आठवडे

छाती उघडावी लागत नाही. कॉलरबोनखाली जागा बधिर करतात, बहुधा ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या बाजूला, आणि जोडीला गुंगीचं औषध देतात. शीर शोधून तारा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हृदयात नेतात, जागा तपासतात, डबी कातडीखालच्या खोबणीत ठेवून टाके घालतात. साधारण तासभराचं काम. नंतर छातीचा एक्स-रे काढतात, कारण शीर टोचताना कधीतरी फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊन तिथे हवा शिरते.

पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड उचलू नये, कारण तारेचं टोक भिंतीत अजून रुजलेलं नसतं आणि ओढलं तर निसटतं. पण ही सूचना लोक अतिउत्साहाने पाळतात. हात झोळीत घालून महिनाभर हलवायचाच नाही, असं केलं की खांदा आखडतो आणि ते दुखणं पेसमेकरपेक्षा जास्त दिवस पुरतं. खांद्याच्या खाली हात रोज, मोकळेपणाने हलवा.

जखमेबाबत मात्र काटेकोर राहावं. लाली, वाढती सूज, पाणी किंवा पू, ताप यांपैकी काहीही दिसलं तर घरी मलम लावून पाहू नये, ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडेच जावं. डबीपर्यंत जंतू पोचले तर ते तारांवरून थेट हृदयात उतरू शकतात. मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बहुतेक वेळा सगळं यंत्र काढावं लागतं. असं क्वचित होतं, पण मोबाइलच्या भीतीतली निम्मी जरी इकडे वळली तरी बरं होईल, असं मला वाटतं. महिन्या-वर्षांनी डबीवरची कातडी पातळ, निळसर दिसू लागली तरी तेच करायचं. आणि डबी बोटांनी फिरवत बसायची सवय लावून घेऊ नका. काहींनी नकळत ती इतकी फिरवलेली असते की तारा डबीभोवती गुंडाळल्या जाऊन हृदयातून बाहेर ओढल्या जातात.

पहिल्या तपासणीला महत्त्व आहे. टोकाजवळची सूज ओसरेपर्यंत संदेशाचा जोर मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी तो कमी केला नाही तर बॅटरी विनाकारण झिजत राहते.

मोबाइल, मायक्रोवेव्ह, चुंबक

आता ऐकण्याकडे परत येऊ. यंत्र मिलिव्होल्टमधला आवाज टिपतं. बाहेरच्या विद्युतलहरी तारेत शिरल्या आणि यंत्राला त्या हृदयाचा ठोका वाटल्या, तर ते समजेल की हृदय व्यवस्थित चाललंय, आणि गप्प बसेल. बाहेरच्या उपकरणांपासूनचा मुख्य धोका हा आहे. ज्याचं हृदय स्वतःहून ठोका देतं त्याला अशा गप्प बसण्याने फरक पडणार नाही. ज्याचं हृदय पूर्ण यंत्रावर अवलंबून आहे त्याला चक्कर येऊ शकते. यावर यंत्रात तोडही केलेली आहे: सतत गोंगाट ऐकू आला तर ते ऐकणं सोडून ठरलेल्या वेगाने संदेश देऊ लागतं. शिवाय टायटॅनियमचं कवच, गाळणारी सर्किट आणि टोकाला जवळजवळ असलेले दोन ध्रुव यांमुळे बाहेरचा आवाज आत फारसा येतच नाही.

चुंबकाचं काम वेगळं. डबीजवळ पुरेसं जोरदार चुंबक आणलं की बहुतेक पेसमेकर ऐकणं बंद करतात आणि ठरलेल्या गतीने संदेश देत राहतात. ते बंद पडत नाहीत. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर ती वापरतात. चुंबक दूर केलं की यंत्र पूर्ववत होतं.

म्हणून घरातल्या वस्तूंची उजळणी पटकन करता येते. टीव्ही, मिक्सर, केस वाळवायचं यंत्र, संगणक, चांगल्या स्थितीतला मायक्रोवेव्ह यांची काळजी नको. मायक्रोवेव्हची भीती कवच कमकुवत असलेल्या जुन्या यंत्रांच्या काळातली आहे, ती अजून तोंडोतोंडी फिरते. मोबाइल डबीपासून १५ सेंटीमीटर दूर ठेवा, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको आणि बोलायचं दुसऱ्या कानाने. अलीकडच्या काही फोनच्या पाठीत आणि इअरबडच्या डब्यांत चुंबकं असतात, त्यांनाही हाच नियम. इंडक्शन शेगडीवर ओणवं होऊ नये, साधारण ६० सेंटीमीटर अंतर राखावं. विमानतळावरच्या चौकटीतून न रेंगाळता चालत जावं, हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका म्हणून सांगावं आणि कार्ड दाखवावं. आर्क वेल्डिंग, मोठे जनरेटर, उच्च दाबाची विद्युत उपकरणं हा ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे त्यांनी मात्र कामावर परतण्याआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावं, तिथे अंदाज चालत नाही.

खरी सावधगिरी लागते ती दवाखान्यात. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला विजेची सुरी वापरतात, ती गोंगाट करते. कर्करोगावरच्या रेडिएशनने सर्किट बिघडू शकतं. दुखऱ्या स्नायूंवर लावायचं विजेचं यंत्र, किडनी स्टोन फोडायच्या लहरी, हे सगळं करण्याआधी "मला पेसमेकर आहे" हे वाक्य स्वतःहून बोलायचं. फाइलमध्ये लिहिलंय म्हणजे समोरच्याने वाचलंच असेल, यावर विसंबू नये. एमआरआय पूर्वी निषिद्ध होता. आता बहुतेक नव्या यंत्रांत तो ठराविक अटींवर करता येतो, पण डबी आणि तारा दोन्ही त्या अटींत बसणाऱ्या असाव्या लागतात, आणि स्कॅनआधी सेटिंग बदलून नंतर पूर्ववत करून घ्यावी लागते. ही शेवटची पायरी झाली की नाही, हे आवर्जून विचारा.

तपासणीत काय पाहतात

डबीवर एक अँटेना ठेवून संगणकासारखं यंत्र पेसमेकरशी बोलतं. दुखत नाही. काही यंत्रं घरी ठेवलेल्या उपकरणातून किंवा फोनमधून माहिती पाठवतात. बॅटरीची स्थिती, हृदयाचा आवाज किती स्पष्ट येतो, ठोका उमटायला किमान किती व्होल्ट लागतात आणि तारेचा रोध किती, हे पाहतात. रोध एकदम वाढला असेल तर तार तुटली असावी, एकदम घटला असेल तर वेष्टन फाटलं असावं. या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा तारच असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती वाकते, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली कुठलीही तार कधीतरी तुटतेच.

अहवालात 'पेसिंग' पुढे टक्के लिहिलेले असतात. दोन टक्के दिसले की "मग बसवलाच कशाला?" असं घरचे विचारतात. वर्षभरातले चक्कर येणारे सगळे क्षण त्या दोन टक्क्यांत असू शकतात. याच्या उलट, खालच्या उजव्या कप्प्याचे टक्के सतत खूप जास्त असतील तर डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको अधूनमधून करतात. तारेच्या टोकाकडून सुरू झालेला ठोका नैसर्गिक वाटेने पसरत नाही, उजवी बाजू आधी आणि डावी नंतर हलते, आणि काहींमध्ये वर्षानुवर्षं असं चालून हृदय अशक्त होतं. हे टाळायला आता तार थेट हिस बंडलजवळ किंवा डाव्या शाखेजवळ बसवण्याची पद्धत वाढते आहे.

ऐकता ऐकता यंत्र रोजनिशीही लिहीत असतं. वरच्या कप्प्यात कधी फिब्रिलेशन सुरू झालं, किती वेळ टिकलं, हे त्यात असतं, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. त्यावरून पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणारं औषध द्यावं का, हे ठरवता येतं.

बॅटरी अचानक संपत नाही. ती उतरू लागली की यंत्र बदलायचा इशारा देतं, आणि त्यानंतरही साधारण तीन महिने हातात असतात. काही यंत्रं वीज वाचवायला साध्या पद्धतीवर येतात, तेव्हा जुना थकवा परत जाणवू शकतो. बदलताना पूर्ण डबीच बदलतात. तारा चांगल्या असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात.

घरी नाडी मोजली आणि ठरवलेल्या साठऐवजी बावन्न आली, म्हणून घाबरायचं कारण नाही. मधला एखादा ठोका अवेळी, अर्धवट भरलेल्या हृदयाने दिला तर तो मनगटापर्यंत पोचत नाही. यंत्राने तो ऐकलेला असतो, तुमच्या बोटांनी किंवा घड्याळाने नाही. रात्रीसाठी किमान वेग मुद्दाम कमी ठेवलेला असू शकतो. मात्र पुन्हा भोवळ येणं, बेशुद्ध पडणं, न थांबणारी उचकी (तार हलून छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या नसेला संदेश जाऊ लागल्याची ती खूण असू शकते) किंवा त्या बाजूचा हात सुजणं, यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

जे त्याचं काम नाही

साधा पेसमेकर मंद हृदयाला आधार देतो. वेगात धावणाऱ्या हृदयाला तो आवरत नाही, त्यासाठीच्या गोळ्या चालूच राहतात. तो हार्ट अटॅक टाळत नाही. जीवघेणी धडधड ओळखून शॉक देणारं आयसीडी हे वेगळं यंत्र आहे, दिसायला सारखं असलं तरी. आपल्या छातीत नेमकं कुठलं आहे, हे घरातल्या निदान एका माणसाला माहीत हवं.

तारांचा कच्चेपणा टाळायचा म्हणून बिनतारेचे पेसमेकर आले. मोठ्या कॅप्सूलएवढं, दोनेक ग्रॅमचं अख्खं यंत्र मांडीच्या शिरेतून नेऊन उजव्या खालच्या कप्प्यात अडकवतात. अमेरिकेत मायक्रा या यंत्राला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. छातीवर ना जखम, ना फुगवटा. तरी हे सर्वांसाठी नाही. दोन कप्प्यांसाठी अशी दोन यंत्रं एकमेकांशी बोलत ठेवणं हे अगदी अलीकडचं तंत्र आहे. शिवाय तरुण रुग्णाच्या बाबतीत, बॅटरी संपल्यावर जुनं यंत्र काढायचं की आतच ठेवून दुसरं बसवायचं, हा प्रश्न आयुष्यात अनेकदा येणार असतो.

एक प्रश्न लोक डॉक्टरांना विचारत नाहीत, आपसात विचारतात: पेसमेकर असला की माणसाचा जीव अडकून राहतो का? नाही. शेवटी हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि अशा स्नायूला कितीही संदेश दिले तरी तो आकुंचन पावत नाही. मॉनिटरवर यंत्राच्या रेघा उमटत राहतील, ठोका उमटणार नाही. दहन करायचं असेल तर मात्र आधी डबी काढून घ्यायला सांगावं लागतं, कारण उष्णतेने तिची बॅटरी फुटते. बिनतारेचं यंत्र बाहेरून हाताला लागत नाही, म्हणून ते आहे हे घरच्यांनीच सांगायचं असतं. तारा आत राहिल्या तर त्यांनी काही बिघडत नाही.